चिठ्ठीत न लिहिलेला व्यायाम

सैन्यात तंदुरुस्ती ही नोकरीची अट असते. त्यामुळे एखाद्या जवानाचा घोटा मोडला, गुडघ्यातील अस्थिबंध तुटला किंवा नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, की उपचारांबरोबरच एक प्रशासकीय प्रक्रियाही सुरू होते. भारतीय सैन्यदलांत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीने ठरते. इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेल्या या शब्दातील पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचे, दुसरे श्रवणाचे, तिसरे हातापायांचे, चौथे एकंदर शारीरिक क्षमतेचे आणि पाचवे दृष्टीचे असून, प्रत्येक अक्षरापुढे 1 ते 5 यांपैकी एक अंक पडतो. पहिला अंक कोठेही आणि कोणत्याही कामाला पात्र असल्याचा, त्यापुढचे अंक वाढत्या मर्यादांचे, चौथा रुग्णालयात किंवा आजारपणाच्या रजेवर असल्यामुळे तूर्त अपात्र असल्याचा आणि पाचवा कायमच्या अपात्रतेचा. पाचही अक्षरांपुढे एकचा अंक असलेला जवान ‘शेप-वन’ म्हणवतो, आणि एखाद्या अक्षराचा अंक घसरला की तो ‘एलएमसी’त, म्हणजे लो मेडिकल कॅटेगरीत, गेला असे म्हणतात. कागदावर ‘ए-3 (टी-24)’ अशी नोंद असेल, तर हातापायांच्या बाबतीत तिसरी श्रेणी, तीही तात्पुरती आणि 24 आठवड्यांपुरती, असा तिचा अर्थ होतो. मुदत संपली की वैद्यकीय मंडळ पुन्हा तपासणी करते, आणि तिला छावणीच्या बोलीत ‘रिकॅट’ म्हणतात. लहानसहान दुखापतींसाठी एवढा घाट घालावा लागत नाही. पलटणीच्या एमआय रूममधील, म्हणजे वैद्यकीय तपासणी कक्षातील, डॉक्टर (आरएमओ) एका चिठ्ठीवर काही दिवसांची पीटी-परेडमधून सूट लिहून देतो आणि काम भागते.

अमेरिकी लष्करात याच व्यवस्थेला ‘प्रोफाइल’ म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झालेल्या तेथील सहा अक्षरी पद्धतीत वरच्या व खालच्या अवयवांना स्वतंत्र अक्षरे दिलेली आहेत. त्या लष्कराच्या प्रोफाइलच्या जुन्या फॉर्ममधील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सैनिकाला काय करता येणार नाही हे त्यात होतेच, पण चालणे, सायकल, पोहणे, शरीराच्या वरच्या भागाचा वजनी व्यायाम अशा गोष्टी वेगळ्या ओळींत नोंदवून, त्यांपैकी कोणत्या करता येतील हेही डॉक्टरने लिहावे, अशी सोय होती. आणि चालण्या-धावण्याच्या नोंदीत ‘स्वतःच्या गतीने, स्वतःला झेपेल तेवढ्या अंतरापर्यंत’ अशा अर्थाचे शब्द येत. कागदाचा हा मसुदा किरकोळ वाटेल, परंतु जायबंदी सैनिकाची पुढची सहा महिने काय अवस्था होईल, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. ‘धावणे वर्ज्य’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ एक जण ‘सर्व हालचाल वर्ज्य’ असा लावतो आणि खाटेवर पडून राहतो, तर दुसरा, कामचोर म्हणवून घेण्याच्या भीतीने, चौथ्याच दिवशी पहाटेच्या अंधारात मैदानाला चकरा मारू लागतो. या दोन्ही चुकांचे मूळ एकच असते: मर्यादा कोणत्या अवयवाला आणि कोणत्या हालचालीला घातलेली आहे, हे त्यांना कोणी नेमके सांगितलेले नसते. मोडलेल्या घोट्याला विश्रांती हवी, हे खरे. पण त्या घोट्याबरोबर जे निरोगी हृदय, फुप्फुसे, दोन हात, पाठ, पोट आणि दुसरा पाय आलेला असतो, त्यांना विश्रांतीची काहीच गरज नसते, उलट ती मिळाली तर त्यांचे नुकसान होते.

हे नुकसान किती वेगाने होते, याची मोजमापे उपलब्ध आहेत. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 मध्ये 20 वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले, आणि तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू खर्ची घालू शकते याचे माप, सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेत जेवढी घट झाली होती, त्याहून अधिक घट तरुणपणातील त्या तीन आठवड्यांनी केली होती असे दिसून आले. अंथरूण न धरता केवळ सराव थांबवला, तर घसरण इतकी तीव्र नसते, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ती जाणवण्याजोगी होते, कारण रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारे रक्त कमी होते.

स्नायूंची कथा याहून बोलकी आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट येथील संशोधकांनी निरोगी तरुणांचा एकेक पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा, आकार सुमारे 3.5 टक्क्यांनी आणि त्याची ताकद 9 टक्क्यांनी कमी झाली. चौदा दिवसांनी आकारातील घट 8.4 टक्क्यांवर आणि ताकदीतील घट 23 टक्क्यांवर गेली. ताकद आकाराच्या जवळजवळ तिप्पट वेगाने ओसरते, ही यातली महत्त्वाची बाब होय. स्नायू झिजतो हे एक कारण झाले. पण मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत स्नायूला जाणारा आदेशच क्षीण होत जातो, हे दुसरे कारण, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दुर्लक्षित राहते. गुडघ्याच्या दुखापतीत तर सांध्यात साचलेले पाणीच हा आदेश दाबून टाकते. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूने तळहात वर सरकवून पाणी हटवावे आणि मग बाहेरच्या बाजूने खाली हात फिरवावा. आतल्या खळग्यात पुन्हा छोटीशी लाट उमटली, तर सूज अजून आत आहे असे समजावे, ही फिजिओथेरपिस्टांची साधी चाचणी आहे. ती लाट दिसत असेपर्यंत मांडी कितीही नेटाने कसण्याचा प्रयत्न केला, तरी ती पुरती आवळली जात नाही, आणि यात जवानाच्या इच्छाशक्तीचा काही दोष नसतो. प्लास्टर निघाल्यावर गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर फीत गुंडाळून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, तर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज आढळतो. हा आकडा दर पंधरवड्याला वहीत उतरवून ठेवावा, कारण आरशातील अंदाजापेक्षा तो अधिक प्रामाणिक असतो.

बंदी नेमकी कशावर आणि किती काळ असावी, हे दुखावलेल्या ऊतीच्या स्वभावावर ठरते. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे त्याची साधी दुखापत काही आठवड्यांत भरून येते. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध यांना रक्त कमी पोहोचते, म्हणून त्यांना महिने लागतात, आणि वेदना थांबल्यानंतरही त्यांची बळकटी बराच काळ अपुरी असते. गुडघ्यातील पुढच्या फुलीच्या अस्थिबंधाची, ज्याला सगळे एसीएल म्हणून ओळखतात, शस्त्रक्रिया झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत उड्या व झटक्याने वळण्याचे खेळ सुरू करणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका लक्षणीय वाढतो, असे खेळाडूंच्या अभ्यासांतून दिसते. जवानाला सहाव्या महिन्यात ‘आता काहीच दुखत नाही’ असे वाटू लागते, तो काळ म्हणूनच सर्वांत फसवा असतो.

सैनिकांच्या दुखापतींत एक दुखापत मात्र जवळजवळ त्यांच्याच मालकीची म्हणावी अशी आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहॉप्ट या डॉक्टरने 1855 मध्ये लांब कूच केलेल्या सैनिकांच्या पावलांवर येणाऱ्या वेदनादायक सुजेचे वर्णन केले, परंतु तिचे कारण त्याला दिसणे शक्य नव्हते. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच ती सूज पावलाच्या लांबट हाडांना गेलेल्या बारीक तड्यांमुळे येते, हे उघड झाले. ताणाने पडणाऱ्या या तड्याला आज ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात, आणि नव्या भरतीच्या प्रशिक्षणात तो विशेषतः नडगीच्या हाडात आढळतो. हाड ही सतत मोडून पुन्हा बांधली जाणारी वास्तू आहे. त्यावर नवा ताण पडला, की आधी विशिष्ट पेशी जुना भाग पोखरून काढतात आणि मग दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पोखरणे लवकर होते आणि भरणे सावकाश, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. घरी क्वचितच धावलेला तरुण प्रशिक्षण केंद्रात येऊन पहिल्या महिन्यात रोज बुटांनिशी धावू लागतो, तेव्हा त्याचे हाड नेमके या कमकुवत अवस्थेत सापडते. यावर उपाय म्हणजे आपटणाऱ्या ताणाची बंदी. पण त्या बंदीत छातीचे, खांद्याचे, पाठीचे व्यायाम मुळीच येत नाहीत. मात्र वेदना जांघेत असेल आणि पायावर भार देताच वाढत असेल, तर खुब्याजवळच्या मांडीच्या हाडाला तडा गेल्याची शंका घेऊन तत्काळ तपासणी व्हायला हवी, कारण तो तडा सरकला तर आयुष्यभराचे अपंगत्व येऊ शकते. त्याचप्रमाणे प्लास्टरमधील पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे लागते.

जायबंदी सैनिकाला व्यायामाने बरे करण्याची आजची पद्धत सैनिकी रुग्णालयातच जन्मली, याचा विसर पडता कामा नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक महिनोन्महिने खाटा अडवून होते. त्या काळी त्यांना हलक्या वजनाच्या असंख्य आवृत्त्या करायला लावत. तेथील तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म याला संधिवाती तापाच्या लहानपणीच्या आजारातून उठल्यावर वजने उचलून शरीर कमावल्याचा स्वानुभव होता. त्याने सैनिकांच्या पावलाला लोखंडी बूट बांधून, जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे जड वजन उचलायला लावले आणि ते दर आठवड्याला वाढवत नेले. स्नायू अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर भरून आल्याचे त्याने 1945 मध्ये प्रसिद्ध केले, आणि 1948 मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह ही पद्धत सुटसुटीत करून, त्या दहा-आवृत्तीच्या वजनाच्या निम्म्याने, मग तीनचतुर्थांशाने आणि मग पूर्ण वजनाने प्रत्येकी दहा आवृत्त्या असा तीन फेऱ्यांचा क्रम घालून दिला. आज जगभरच्या व्यायामशाळांत ‘दहाचे तीन सेट’ म्हणून जे रुळले आहे, त्याचा एक मोठा उगम या जायबंदी सैनिकांच्या दालनात आहे.

डीलॉर्मची पद्धत अवयव थोडाफार हलू लागल्यावर उपयोगी पडते. पण तो प्लास्टरमध्ये जखडलेला असतानाही हात बांधून बसण्याचे कारण नाही. सांधा न हलवता स्नायू आवळून पाच-दहा सेकंद धरून ठेवण्याचा व्यायाम, ज्याला आयसोमेट्रिक म्हणतात, डॉक्टरांनी मना केले नसेल तर पहिल्या आठवड्यापासून करता येतो, आणि मेंदूकडून जाणारा आदेश जिवंत ठेवण्याचे मोठे काम तो करतो. याच आदेशाशी निगडित असलेली आणखी एक आश्चर्यकारक गोष्ट अमेरिकेच्या येल विद्यापीठात 1894 मध्ये आढळली: एका हाताला दिलेल्या सरावाने दुसऱ्या, काहीच न केलेल्या हाताची ताकदही वाढली. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत हा परिणाम अनेकदा पडताळला गेला असून, निरोगी बाजूला जड वजनांचा सराव दिल्यास सराव न मिळालेल्या बाजूची ताकद सरासरी सात-आठ ते बारा टक्क्यांपर्यंत वाढते, असे निष्कर्ष आहेत. डावा पाय प्लास्टरमध्ये असलेल्या जवानाने उजव्या पायाचा व्यायाम ‘दोन्ही पाय असमान होतील’ या भीतीने सोडू नये, हा त्याचा थेट अर्थ. चांगल्या पायावर केलेली मेहनत काही अंशी दुखऱ्या पायाच्या खात्यावर जमा होते.

श्वासाचा दम टिकवण्याचा प्रश्न अधिक अवघड, कारण सैन्यातील दमाच्या बहुतेक कसोट्या धावण्याच्याच असतात. भारतीय सैन्याच्या पीपीटी या चाचणीत 2.4 किलोमीटर आणि बीपीईटी या युद्धसज्जतेच्या चाचणीत शस्त्र व साहित्यासह 5 किलोमीटर धावावे लागत आले आहे. हृदयाला मात्र रक्त पायांकडून मागितले जाते आहे की हातांकडून, याच्याशी फारसे कर्तव्य नसते. पायाला बंदी असेल, तर हाताने फिरवण्याची सायकल, बसून दोरखंड हापसण्याचा व्यायाम, एका पायाने व दोन हातांनी चालवलेले रोइंग मशीन यांवर हृदयाचे ठोके पुरेसे वाढवता येतात. हाताला बंदी असेल, तर स्थिर सायकल आहेच. कोणतेही यंत्र नसेल, तर भिंतीला टेकून जमिनीवर बसावे, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन तीस सेकंद जोरात ठोसे मारावेत आणि तीस सेकंद थांबावे, असे वीस वेळा केले तरी कपाळावर घाम येतो. जोर काढायला घोटा लागत नाही. गुडघे उशीवर टेकून काढलेले जोरही छातीला आणि दंडांना चुकत नाहीत.

या सर्वांत पाण्याचा मान पहिला. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, की पायांवर शरीराचे साधारण निम्मे वजन उरते, छातीइतक्या पाण्यात सुमारे एकतृतीयांश आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा भाग. तरंगण्याचा पट्टा कमरेला बांधून, पाय तळाला न लावता खोल पाण्यात धावण्याची नक्कल करणाऱ्या धावपटूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता चार ते सहा आठवडे जवळजवळ अबाधित राहिल्याचे प्रयोगांत आढळले आहे. अट एवढीच, की हे धावणे खऱ्या धावण्याइतके मन लावून केले पाहिजे. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा मिनिटाला दहा-पंधरांनी कमी पडतात, तेव्हा घड्याळावरच्या आकड्यापेक्षा दमाची जाणीव प्रमाण मानावी. टाके ओले असताना आणि प्लास्टर असताना पाणी वर्ज्य, हे सांगायला नकोच.

पाण्याचा विषय निघाल्यावर महाराष्ट्रातील वाचकाला मुरलीकांत पेटकर यांचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या परिसरातून सैन्याच्या ईएमई विभागात गेलेले हे मुष्टियोद्धे 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले, आणि उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले. पुढे 1972 च्या हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर मुक्त शैलीत 37.33 सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले, जे भारताचे पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्ण ठरले. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली, म्हणजे त्या पोहण्यानंतर तब्बल 46 वर्षांनी, आणि ही दिरंगाई मनाला लागते. पण येथे त्यांच्या पदकाहून महत्त्वाची आहे ती त्यामागची क्रमवारी: पाय गेले म्हणून रिंगण बंद झाले, तेव्हा दंड आणि खांदे जेथे चालतील अशी जागा शोधली गेली आणि तेथे मेहनत ओतली गेली.

ही शोधाशोध व्यक्तीच्या नशिबावर न सोडता तिला संस्थेचे रूप देण्याचे काम पुण्यात बरेच झाले आहे. कृत्रिम अवयव केंद्र येथे 1944 मध्ये सुरू झाले, मणक्याच्या दुखापतीने अपंग झालेल्या सैनिकांसाठी खडकीत 1974 मध्ये पुनर्वसन केंद्र उभे राहिले, आणि खडकीच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात सैन्याचा पॅरालिम्पिक विभाग चालतो. नागालँडचे होकाटो सेमा यांचा डावा पाय 2002 मध्ये काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेला. पुण्यात तिशीनंतर त्यांनी गोळा हातात घेतला आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये बसून फेकण्याच्या एफ-57 गटात 14.65 मीटर फेकीसह कांस्यपदक मिळवले. कायमच्या अपंगत्वासाठी जी कल्पकता आणि जे मनुष्यबळ उभे राहू शकते, ते चोवीस आठवड्यांच्या तात्पुरत्या श्रेणीतील जवानापर्यंतही पोहोचायला हवे. त्याची दुखापत लहान, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि तोच जवान सहा महिन्यांनी दहा किलो वजन वाढवून रिकॅटला उभा राहतो.

वजनाचा प्रश्न जेवणाच्या ताटाशी येऊन ठेपतो. लंगरमध्ये दिवसभर मैदानावर राबणाऱ्या माणसाच्या हिशेबाने अन्न शिजते. पोळ्यांची संख्या तीच ठेवून धावणे थांबले, की चरबी साठणे अटळ असते. याउलट घाबरून जेवण निम्म्यावर आणणे त्याहून वाईट, कारण हाड आणि स्नायू भरून येण्यासाठी शरीराला इंधन लागते, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस तर ही गरज वाढलेली असते. न वापरलेला स्नायू प्रथिनांना थंड प्रतिसाद देतो, म्हणून या काळात प्रथिनांचे प्रमाण नेहमीपेक्षा वर, शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे असावे, आणि ते एकाच जेवणात न कोंबता चार वेळांत विभागलेले असावे, असा सल्ला आहारतज्ज्ञ देतात. सत्तर किलोच्या जवानासाठी हे सुमारे 112 ग्रॅम होते. नुसत्या वरणाने हा आकडा गाठता येत नाही. अंडी, दूध, दही, पनीर, उसळी किंवा मांस-मासे यांची जोड लागते, आणि कमी करायचेच झाले तर साखर, तळण आणि जास्तीचा भात कमी करावा. हाडाच्या दुखापतीत कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची चाचणी करून घ्यावी. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांहून अधिक महिला प्रशिक्षणार्थींना ही दोन्ही पूरके दिली असता त्यांच्यातील ताणाने पडणाऱ्या तड्यांचे प्रमाण पाचव्या हिश्शाने घटल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले होते. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो, ही गोष्ट कोणतीही भीडभाड न ठेवता सांगितली पाहिजे.

मनाचा भाग यात अखेरीस येतो, पण त्याचे वजन कमी नाही. पहाटे सारी पलटण फॉल-इन होते आणि चिठ्ठीवाला जवान कडेला उभा राहून बघतो. त्या कडेच्या जागी त्याच्याविषयी जे बोलले जाते, ते त्याला ऐकू येते. सोंग करणारे थोडे असतातही, परंतु त्यांच्यापायी खऱ्या जायबंदी माणसावर संशय घेतला, की तो वेदना लपवायला शिकतो, आणि लपवलेला तडा पुढे पूर्ण मोडतो. म्हणून कडेला उभे करण्यापेक्षा जायबंदी जवानांची वेगळी तुकडी करून, त्याच वेळी, त्याच मैदानाच्या एका कोपऱ्यात, उस्तादाच्या, म्हणजे पीटी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या, देखरेखीखाली त्यांना झेपेल असा व्यायाम देणे सर्वार्थाने योग्य. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून तयार होणाऱ्या उस्तादांकडे हे काम सोपवण्याइतके ज्ञान असते; गरज असते ती डॉक्टरची चिठ्ठी आणि उस्तादाचा आराखडा एकाच कागदावर येण्याची.

मैदानावर परतण्याची घाई श्रेणी उंचावल्याच्या दिवशी सर्वाधिक असते, आणि तेथेच जुनी दुखणी उलटतात. मंडळाने ‘ए-1’ लिहिले, म्हणजे अवयव भरून आला असा निर्वाळा मिळाला. पाच किलोमीटरचा दम आणि दोन्ही पायांची सारखी ताकद त्या शाईबरोबर येत नाही. अमेरिकी लष्करात प्रोफाइल संपल्यावर तिच्या मुदतीच्या दुप्पट, पण कमाल 90 दिवसांचा काळ सरावासाठी देऊन मगच नोंदीची शारीरिक चाचणी घ्यावी, असा नियम घातला गेला, तो याच जाणिवेतून. असा काळ मिळो वा न मिळो, धावण्याआधी काही खुणा पाहाव्यात: तीस मिनिटे भरभर चालून वेदना होत नाही, दुखऱ्या पायाच्या एकट्या चवड्यावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येते, आणि त्याच पायावर दहा उड्या मारल्या तरी अंग एका बाजूला कलत नाही. मग एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे यांपासून सुरुवात करून, एक दिवसाआड, धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवावीत. वेदनेला शून्य ते दहा असे गुण दिले, तर व्यायामात दोन-तीनपर्यंतची आणि रात्रभरात निवणारी वेदना बहुतेक दुखापतींत सहन करण्याजोगी मानतात, पण हाडाच्या तड्यात शून्याच्या वर काहीही चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावले टाकताना लंगडणे आले, तर आदल्या दिवशीचे माप जास्त झाले होते असे समजून एक पायरी खाली उतरावे. अंतर, वेग, चढ, बूट आणि वजन या पाचांपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी: आधी सपाट मैदानावर पीटी शूज घालून अंतर, मग वेग, मग चढ, त्यानंतर बूट, आणि पाठीवरचा पिट्ठू सर्वांत शेवटी, तोही पहिल्या दिवशी अर्धा रिकामा.